शिट्टीचा हिशेब

वरण-भाताचा कुकर तीन शिट्ट्यांत होतो की चार, यावर घरोघरी ठाम मते असतात. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हा वादच थोडा भलतीकडे गेलेला आहे. डाळ शिजते ती तापमानाने आणि वेळाने, आणि शिट्टी या दोहोंपैकी काहीच मोजत नाही.

उघड्या पातेल्यातले पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळते. एकदा उकळी फुटली की आच कितीही मोठी केली तरी पाणी त्याच तापमानाला अडून राहते, कारण पुढची सगळी उष्णता वाफ करण्यात खर्ची पडते. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला एक कॅलरी पुरते. उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ करायला मात्र सुमारे ५४० कॅलरी लागतात. पाण्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या दाबाइतका झाला की पाणी उकळते. बाहेरचा दाब वाढवला तर उत्कलनबिंदूही वर सरकतो, आणि कुकरचे सगळे काम या एका गोष्टीवर चालते.

दाब किती वाढवायचा हे ठरवते शिट्टीचे वजन. ज्या नळीवर ती बसते तिच्या भोकाचा व्यास ३ मिलिमीटर धरला, तर क्षेत्रफळ भरते सुमारे ०.०७ चौरस सेंटीमीटर. त्यावर ७० ग्रॅमचे वजन ठेवले की दर चौरस सेंटीमीटरला १ किलोचा दाब झाला. हा दाब वातावरणाच्या दाबावर अधिकचा, म्हणजे आत एकूण जवळजवळ दुप्पट. तेवढ्या दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते. दाब याहून वाढू लागला की वाफ शिट्टीला उचलते, जादा वाफ फुस्सकन निघून जाते आणि शिट्टी पुन्हा खाली बसते. वजन ठेवून दाबाला लगाम घालायची ही युक्ती फ्रेंच शास्त्रज्ञ डेनी पापँ याची. १६७९ मध्ये त्याने हाडे शिजवून मऊ करणारे बंद भांडे तयार केले आणि त्याला अशी झडप बसवली.

झडपेची गरज किती होती, हे झाकणाचा हिशेब केल्यावर कळते. १८ सेंटीमीटर व्यासाच्या झाकणावर आतून अडीचशे किलोहून अधिक भार पडतो. आतून बसणाऱ्या झाकणाची रचना इथे चतुर म्हणावी लागेल: दाब जितका जास्त तितके झाकण रबरी रिंगसह काठावर घट्ट दाबले जाते, त्यामुळे वाफ असेपर्यंत ते उघडतच नाही. भोकात भाताचे शीत अडकून वाट बंद झालीच, तर सेफ्टी व्हॉल्व्हमधला लवकर वितळणारा धातू वितळून वाफेला दुसरी वाट देतो.

वीस अंशांनी असा काय फरक पडतो? दर दहा अंशांमागे रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. त्या मापाने वीस अंशांत वेळ चौथाईवर येतो. तूरडाळीचा रोजचा अनुभव याच्याशी बराचसा जुळतो. उंचावर तर कुकरला पर्याय नाही. महाबळेश्वरला पाणी ९५ अंशांच्या जरा वर उकळते, लेहला ८८ च्या आसपास. तिथे उघड्या पातेल्यातला राजमा तासन् तास दाद देत नाही. कुकरमध्येही लेहचे पाणी १२० अंश गाठत नाही, कारण शिट्टीचे वजन तेच असले तरी बाहेरची हवा विरळ असते. पण ११४ पर्यंत ते पोचते, आणि तेवढे पुरते.

शिट्टी झाली म्हणजे आत लागते त्याहून जास्त उष्णता पोचली, इतकेच. मोठ्या आचेवर चार शिट्ट्या भराभर होतील, मंद आचेवर तेवढ्याच वेळात एकही होणार नाही. आतले तापमान दोन्हीकडे जवळपास सारखेच असेल. मोठ्या आचेचा गॅस वाफेबरोबर स्वयंपाकघरात जातो. तेव्हा पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून घड्याळाकडे पाहणे हेच शहाणपणाचे.

गॅस बंद केल्यावर घाईने शिट्टी उचलली की डाळीचे पिवळे फवारे ओट्यावर का येतात, तेही यातच आले. आतले पाणी १२० अंशांचे, आणि दाब एकदम उतरल्याने त्याला १०० वर यावे लागते. उरलेल्या वीस अंशांची उष्णता एक लिटर पाण्यामागे ३५ ग्रॅमहून अधिक वाफ तत्काळ तयार करते, आणि बाहेरच्या दाबाला ही वाफ साठ लिटरच्या आसपास जागा मागते. कुकरमध्ये तेवढी जागा कुठली? उलट, वाफ पूर्ण जिरून कुकर गार झाला आणि शिट्टी तशीच राहिली, तर आत पोकळी तयार होते, बाहेरची हवा झाकण दाबून धरते आणि ते निघता निघत नाही. अशा वेळी झाकणाशी झटापट करण्यापेक्षा आधी शिट्टी उचलावी. हवा आत शिरली की झाकण सुटते.