मुदत संपली, ओढ उरली

मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतून २०२४ पासून अनेक तरुण शाळांत, सरकारी कचेऱ्यांत रुजू झाले. मुदत आधी ६ महिने, पुढे वाढवून एकूण ११. विद्यावेतन शिक्षणानुसार ६ ते १० हजार रुपये. काम तात्पुरतं आहे हे ठाऊक असताना मुदत संपल्याचं दुःख कसलं, असं विचारलं जातं. पण मुदत ठाऊक असली म्हणून जीव लावणं थांबत नाही, आणि मुलांना जीव न लावणारा शिक्षक कोणाला हवा असतो? सगळ्यांना कायम करता येणार नाही, हे मान्य. मात्र केलेल्या कामाचा नेमका तपशील प्रमाणपत्रात लिहिणं, भरतीत त्या अनुभवाला गुण देणं सरकारला नक्की जमेल. तरुणांनीही हळहळ दाबू नये. शिकवणं, हिशेब की लोकांची गाऱ्हाणी, आपलं मन कशात रमलं हे ओळखून पुढचं काम त्याच दिशेनं शोधावं.