मापात पाप, तेही गिगाबाइटचे

तराजूच्या पारड्याखाली चुंबक चिकटवणारा दुकानदार पकडला गेला, तर त्याच्यावर खटला भरता येतो. पेट्रोलपंपाने लिटरमागे ठरावीक मर्यादेपेक्षा कमी इंधन दिले, तर वैधमापन निरीक्षक त्याच्यावर कारवाई करू शकतो. मात्र २ टेराबाइटच्या नावाखाली ३२ गिगाबाइटचा पेनड्राइव्ह खपवणारा विक्रेता भारताच्या ऑनलाइन बाजारात राजरोस वावरतो. आणि फसलेल्या ग्राहकालाच विचारले जाते, ‘स्वस्ताच्या नादी लागलास कशाला?’ हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जात आहे.

ही लबाडी कशी चालते, ते आधी समजून घ्यायला हवे. पेनड्राइव्हच्या आत दोन मुख्य घटक असतात. एक म्हणजे नँड फ्लॅश मेमरीची चिप. तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात हे तंत्र जगापुढे मांडले. दुसरा घटक म्हणजे कंट्रोलर. संगणक पेनड्राइव्हची क्षमता स्वतः मोजत नाही. तो कंट्रोलरला विचारतो आणि मिळालेले उत्तर खरे मानतो. फर्मवेअरमध्ये फेरफार करून या कंट्रोलरला खोटे बोलायला शिकवले जाते. पहिले ३२ गिगाबाइट नीट साठवले जातात. त्यानंतर आलेली माहिती एक तर टाकून दिली जाते किंवा आधीच्या माहितीवर लिहिली जाते. फायलींची नावे मात्र यादीत दिसत राहतात, कारण ती यादी बहुधा सुरुवातीच्या खऱ्या भागात असते. नाव शाबूत, मजकूर गायब.

‘तारांकने आणि अभिप्राय वाचून घ्यावे’ हा सल्ला येथे निरुपयोगी ठरतो. सेकंदाला २० मेगाबाइट या वेगाने खरोखरीचे २ टेराबाइट भरायचे म्हटले, तरी जवळजवळ २८ तास लागतील. घरी आणल्या दिवशी एवढा खटाटोप कोण करतो? ग्राहक दोन-चार फायली टाकतो, त्या उघडतात, तो समाधानाने पाच तारे देतो. फसवणूक उघड होते ती काही महिन्यांनी, परत करण्याची मुदत संपल्यावर. तोवर त्याच्या पाच ताऱ्यांनी आणखी कित्येकांना त्याच खड्ड्याकडे नेलेले असते.

एक फरक मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. ६४ गिगाबाइटचा पेनड्राइव्ह विंडोज प्रणालीत सुमारे ५९.६ दिसतो, ही चोरी नव्हे. उत्पादक गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट धरतो. विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते. शिवाय व्यवस्थेसाठी थोडी जागा राखलेली असते. पण एवढ्या साध्या गोष्टीचा खुलासाही पाकिटावर ठळकपणे नसतो, आणि या संभ्रमाच्या आडोशाला खरे चोर सुखाने उभे राहतात.

कायदा नाही, असे नाही. २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार वेष्टनावर किंमत, उत्पादकाचे वा आयातदाराचे नाव आणि निव्वळ परिमाण छापावे लागते. पेनड्राइव्हच्या पाकिटावर हे परिमाण ‘१ नग’ असे असते. पाकिटात एक नग निघाला की माप पूर्ण! ज्या आकड्यासाठी ग्राहक पैसे मोजतो, तो गिगाबाइटचा आकडा मात्र कोणी मोजतच नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा गुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. याच कायद्याखालील केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये मानकचिन्ह नसलेल्या प्रेशर कुकरच्या विक्रीबद्दल ऑनलाइन बाजारपेठांना दंड ठोठावला होता. कुकरला जो न्याय, तो पेनड्राइव्हला का नाही?

प्रामाणिक उत्पादकांनीही पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. मेमरीच्या एका पेशीत एक, दोन, तीन की चार बिट साठवले आहेत, यावर ती किती वेळा लिहिता-पुसता येईल हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. बिट वाढले की टिकाऊपणा घटतो. ही माहिती पाकिटावर सहसा नसते. ‘यूएसबी ३.२ जनरेशन १’ हे भारदस्त नाव म्हणजे जुन्या ३.० चेच ५ गिगाबिटचे नाते. त्यातून नळीची जाडी कळते, नळाला पाणी किती येईल ते कळत नाही. वाचनाचा वेग मोठ्या अक्षरांत छापतात. लिहिण्याच्या वेगाबाबत मौन.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. २०२३ मध्ये गुजरातमधील साणंद येथे डीरॅम आणि नँड चिपांची जुळणी व चाचणी करणाऱ्या मायक्रॉनच्या प्रकल्पाची घोषणा झाली. या बातम्यांचा अभिमान रास्तच आहे. परंतु जो देश नँड चिपांची चाचणी करणारा कारखाना उभारू शकतो, त्याने बाजारातून शंभर पेनड्राइव्ह उचलून त्यांची क्षमता तपासणे अशक्य कसे मानावे? ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा मुक्तस्रोत ‘एफ३’ यांसारखी मोफत साधने पेनड्राइव्ह काठोकाठ भरतात आणि लिहिलेले परत वाचून पडताळतात. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, इच्छा लागते. क्षमतेला कायदेशीर मापाचा दर्जा, वेष्टनावर लिहिण्याचा किमान वेग आणि पेशीचा प्रकार, बाजारपेठांवर उत्तरदायित्व आणि नमुना तपासणीचे जाहीर निकाल: मागणी एवढीच आहे.

तोवर ग्राहकाने स्वतःचे निरीक्षक व्हावे. बहुतेक कामांना ६४ किंवा १२८ गिगाबाइट पुरतात. नामांकित उत्पादकाचा, हमी असलेला पेनड्राइव्ह पक्क्या बिलासह घ्यावा. तेवढ्याच पैशांत कोणी टेराबाइट देऊ करत असेल, तर तो दानशूर नाही हे ओळखावे. पहिल्याच दिवशी रिकाम्या पेनड्राइव्हची संपूर्ण चाचणी करावी. ६४ गिगाबाइटला दोन-तीन तास पुरतात. आणि खरा पेनड्राइव्हही तिजोरी नव्हे. त्यातील विद्युतभार काळानुसार गळतो, उष्णतेने अधिकच लवकर गळतो. म्हणून प्रबंध, हिशेब, लग्नाची छायाचित्रे यांची एकमेव प्रत त्यात कधीही ठेवू नये.

सावधगिरी हा ग्राहकाचा शहाणपणा झाला; पण ती शासनाच्या कर्तव्याची जागा घेऊ शकत नाही. किलोभर साखर घेताना कोणी घरून वजनकाटा नेत नाही, कारण दुकानातल्या काट्यावर सरकारी शिक्का असतो. गिगाबाइटलाही तो शिक्का मिळायला हवा.