पहिली रायफल कोणती घ्यावी, असं विचारणाऱ्या पोरांसाठी (आणि त्यांच्या बापांसाठीही)



मध्यंतरी इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या पोरांकडून आला. कुणी शहाद्याकडचा, कुणी नवापूरकडचा. "दादा, हरणाच्या शिकारीसाठी नवीन माणसाने कोणती रायफल घ्यावी? खांद्याला जास्त धक्का न देणारी सांगा." सगळ्यांनी बघितलेले व्हिडिओही सारखेच. अमेरिकेतला दाढीवाला माणूस, बर्फाळ जंगल, बारा वर्षांच्या मुलीच्या हातात रायफल आणि खाली कॉमेंटमध्ये .२४३ चांगली की ६.५ क्रीडमूर चांगली यावर भांडण.

प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. त्यात एक खरी गोष्ट आहे, ती आधी सांगतो.

बंदूक गोळी पुढे फेकते तेवढ्याच जोरात स्वतः मागे येते. गोळी जड, दारू जास्त आणि बंदूक हलकी असली की धक्का मोठा. नवशिक्याला दोन-चार दणके बसले की त्याचं शरीर घाबरायला शिकतं. चाप ओढायच्या आधीच डोळा मिटतो, खांदा आखडतो, नळी हलते. गोळी काळजात लागायच्या ऐवजी पोटात किंवा पायात लागते आणि जनावर जखमी होऊन पळतं. म्हणून तिकडे नवशिक्याच्या हातात १९५५ साली आलेली .२४३ विंचेस्टर देतात. तिचा धक्का जुन्या .३०-०६ च्या जवळपास निम्मा. २००७ ची ६.५ क्रीडमूरही त्याच कारणासाठी लोकप्रिय झाली. दस्ता अंगाच्या मापाचा, मागे रबराची गादी, बंदूक फार हलकी नको. सल्ला बरोबर आहे. पण तो तिथला आहे.

तिथे पांढऱ्या शेपटीची हरणं कोटींच्या घरात आहेत. सरकार मोजून परवाने विकतं, हंगाम ठरवतं आणि त्या पैशातून वनखातं चालतं. आपल्या सातपुड्यात हरीण दिसलं तर माणूस आठवडाभर सांगत फिरतो. तोरणमाळच्या घाटात भेकर दिसलं की लोक गाडी थांबवतात. आणि कायदा १९७२ पासून स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ ने शिकार बंद. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांना मारलं तर तीन ते सात वर्षं कैद. सलमान खानचं प्रकरण आठवत असेलच. ऑक्टोबर १९९८ मध्ये कांकाणीला काळवीट मेले, एप्रिल २०१८ मध्ये जोधपूरच्या कोर्टाने पाच वर्षांची शिक्षा दिली. त्याला दोन दिवसांत जामीन मिळाला. धडगावच्या पोराला किती दिवसांत मिळेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

इथे काही जण म्हणतील, आमचे आजे-पणजे तीरकामठा घेऊन रानात जायचे, वनहक्क कायद्याने आमचे हक्क परत दिले ना? दिले. जमिनीचे, तेंदूचे, मोहाचे, डिंकाचे दिले. पण २००६ च्या त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये पारंपरिक हक्कांची यादी करताना शिकारीचा आणि सापळ्याचा हक्क नाव घेऊन वगळलाय. कुणी गावात येऊन "वनहक्कात चालतं" असं सांगत असेल, तर तो तुम्हाला गोत्यात आणतोय.

आता बापांकडे येतो. कारण मला वाटतं, हरणाचा प्रश्न पोराचा असला तरी घरात बंदुकीची चर्चा सुरू होते ती रानडुकरामुळे. मका उभा राहिला की कळप येतो आणि एका रात्रीत अर्धा वावर लोळवतो. भुईमूग तर मुळासकट उकरतात. पंचनाम्याला चकरा, फोटो, सातबारा, आणि हातात येतं ते बियाण्याच्या खर्चालाही पुरत नाही. राग येणार नाही तर काय?

कायद्याने शेतकऱ्याला काय दिलंय ते बघा. शस्त्र कायदा १९५९, कलम १३. पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्याला पटलं, तर गुळगुळीत नळीची दुसरी, म्हणजे बहुतेक वेळा बाराबोअर. वय २१ पूर्ण, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, पोलिसांचा अहवाल, आणि २०१६ च्या नियमांनुसार सुरक्षिततेचं प्रशिक्षण. रायफल या यादीत नाही, आणि त्याला कारण आहे. .३१५ ची गोळी चुकली तर दोन-तीन किलोमीटर जाते. आपल्या सपाट पट्ट्यात त्या अंतरात दोन वस्त्या आणि एक आश्रमशाळा येते.

पण गंमत बघा. बाराबोअरमध्ये डुकरासाठी लागणारं जड काडतूस घातलं तर तिचा धक्का .२४३ च्या दुपटीहून जास्त असतो. म्हणजे अमेरिकेतला बाप पोराला सगळ्यात मऊ बंदूक देतो, आणि आपल्याकडे आयुष्यात दहा गोळ्याही न झाडलेल्या शेतकऱ्याच्या हातात कायद्याने येते ती सगळ्यात जोरात लाथ मारणारी. रात्री, बॅटरीच्या उजेडात, उसाच्या कडेला. निशाणा चुकणारच. जखमी डुक्कर उसात शिरतं आणि सकाळी त्याच फडात कोयता घेऊन बाया-माणसं उतरतात, लेकरं बांधावर असतात. सुळेवाल्या जखमी डुकराने मांडी फाडली तर दवाखान्यात पोचेपर्यंत माणूस राहत नाही. धक्क्याचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी.

आणि ज्यांना परवाना मिळत नाही ते कुंपणाला करंट सोडतात. त्याबद्दल वेगळं लिहायला नको. रात्री पाणी द्यायला गेलेला शेजारी त्यात जातो.

म्हणून माझं मत असं, काहींना आवडणार नाही. घरोघरी बंदूक हा उपाय नाही आणि "काहीच मारायचं नाही" हाही नाही. मारायचंच असेल तर ज्याला मारता येतं त्याने मारावं. आपल्या राज्यात २०१५ च्या शासन निर्णयाने वनक्षेत्रपालांकडे अर्ज करून पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला आणि रोहीला मारायची परवानगी मागता येते. कितीजणांना हे माहीत आहे? परवानगी मिळाली तरी मारणार कोण, इथे गाडी अडते. केरळने २०२२ मध्ये रानडुकरांच्या परवानगीचा अधिकार स्थानिक पंचायतीकडे दिला आणि परवानाधारक नेमबाज बोलावण्याची पद्धत आणली. बिहारमध्ये जून २०१६ मध्ये मोकामाला हैदराबादहून नेमबाज आणून दोनशेवर नीलगायी मारल्या, त्यावरून दिल्लीत दोन केंद्रीय मंत्रीच एकमेकांवर घसरले. मला बिहारसारखं नको, ते चार दिवसांचं नाटक झालं. केरळसारखं हवं: तालुक्याला सात-आठ तपासलेले, वर्षातून एकदा निशाण्याची परीक्षा दिलेले परवानाधारक. माजी सैनिक आपल्याकडे आहेत, पोलिसांतून निवृत्त झालेले आहेत. अर्ज आला की त्यांनी जायचं, फडात मजूर नाहीत हे बघायचं, जखमी जनावर तसंच सोडायचं नाही. आणि हो, परवानगीने मारलेलं डुक्कर सरकारजमा होतं. मटणाच्या आशेने कुणी पुढे येत असेल तर आधीच सांगितलेलं बरं. (यावर कॉमेंटमध्ये वाद होणार, माहीत आहे.)

आता पोरांनो, तुमच्याकडे परत.

तुमच्यासाठी धक्का न देणारी रायफल आहे. एअर रायफल, .१७७, २० ज्यूलच्या आतली. तिला शस्त्र परवाना लागत नाही आणि धक्का जाणवत नाही म्हटलं तरी चालेल. पण तिने पारवा, होला, ससा मारलात तर गुन्हा तोच, वन्यजीव कायद्याचा. अरुणाचलमध्ये एअरगननेच रानं मुकी व्हायला लागली होती. २०२१ मध्ये तिथे मोहीम निघाली आणि लोकांनी हजाराहून जास्त एअरगन स्वतःहून जमा केल्या. आपल्याकडे गलोलीनेच पाखरं कमी झालीत, त्यात ही भर नको.

तिने कागद मारा. स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, शाळेतल्या शिक्षकाचा मुलगा. सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून तयार झाला, रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य घेऊन आला. त्याच्या हातातली .२२, तिचाही धक्का नावालाच. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेत्या झाल्या. दहा मीटरच्या रेंजला लागतं काय? एक लांब खोली, मागे भक्कम भिंत, उजेड, चार रायफली आणि एक कडक मास्तर. पाचवीपासून तीरकामठा धरलेल्या पोराला श्वास रोखून हात स्थिर ठेवणं कुणी शिकवायला लागत नाही. आश्रमशाळांच्या क्रीडा स्पर्धांवर दरवर्षी खर्च होतोच, त्यात एअर रायफल का नसावी?

येत्या ग्रामसभेत दोन ठराव घ्या. एक, तालुक्यासाठी परवानाधारक नेमबाजांचं पथक आणि वनक्षेत्रपालांच्या परवानगीला मुदत. दुसरा, तालुक्याच्या एका तरी आश्रमशाळेत दहा मीटरची रेंज. ठराव झाला की प्रत प्रकल्प अधिकारी आणि उपवनसंरक्षक दोघांनाही द्या, पोच घ्या आणि पोचेचा फोटो इथे कॉमेंटमध्ये टाका. कुठल्या गावाने केला त्याची यादी मी ठेवतो.