उकळलेले पाणी आणि रात्रीचे बारा तास

पावसाळा सुरू झाला की यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी या गावांतून नळाला गढूळ पाणी येऊ लागते आणि घराघरांतून पोट बिघडल्याच्या तक्रारीही सुरू होतात. चातुर्मासाचे दिवस नेमके हेच. गाळलेले, तीन उकळ्या आलेले पाणी पिण्याचा जो नियम श्रावक कुटुंबे जीवदयेपोटी पाळतात, तोच अतिसारावरील उपचाराचा अर्धा भाग होय. उरलेला अर्धा भाग मीठ आणि साखर यांचा. तिकडे मात्र अनेकदा दुर्लक्ष होते.

जुलाबांवाटे केवळ पाणी जात नाही, क्षारही जातात. ते भरून न काढता नुसते पाणी कितीही प्यायले तरी थकवा हटत नाही. आतड्याच्या अस्तरातून साखर आत शिरताना मिठाला सोबत घेऊन जाते आणि त्यांच्यामागून पाणी शोषले जाते. आतडे आजारी असतानाही ही वाट बहुधा खुली असते. 1971 साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली व शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आले. पाजणारे बहुतेक रुग्णांचे नातलगच होते.

आज हेच मिश्रण ‘ओआरएस’ या नावाने सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. एका लिटरचे पाकीट पूर्णच्या पूर्ण एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात विरघळवावे. अर्धे आज, अर्धे उद्या असे करू नये आणि मिश्रण पुन्हा उकळू नये. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे व मिठाचा अर्धा सपाट चमचा. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते टाकून नवे करावे. साखर सढळ हाताने घालणे हीही चूकच, कारण जादा साखर आतड्यात पाणी ओढून घेते व जुलाब वाढतात. बाटलीबंद गोड पेये, दाट सरबत, कडक चहा यांनी म्हणूनच अपाय होतो. दुकानातील काही गोड पेयांवर ‘ओआरएस’ ही अक्षरे झळकत असत. सूत्राबाहेरच्या पेयांना ती वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली. तरीही वेष्टनावरील घटक वाचूनच पाकीट घ्यावे.

मिश्रण 24 तासांत संपवावे, असे वैद्यक सांगते. श्वेतांबर परंपरेत उकळलेल्या पाण्याची पावसाळ्यातील मर्यादा तीन प्रहर, म्हणजे सुमारे नऊ तासांचीच आहे. ती पाळणाऱ्या घरी ताजेच पाणी प्यायले जाते, हे उत्तमच. प्रत्येक जुलाबानंतर मोठ्या माणसाने पेलाभर, दोन वर्षांखालील बाळाला 50 ते 100 मिलिलिटर द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पाजावे. अंगावरचे दूध बंद करू नये.

पोटाला थोडा आराम पडला की मीठ घातलेली भाताची पेज, ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज, मुगाचे कढण द्यावे. कंद वर्ज्य असलेल्या घरी आल्याऐवजी चिमूटभर सुंठ चालते. ताजे पातळ ताकही बरे; मात्र द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी कढण व कच्चे ताक एकत्र घेऊ नये.

खरा पेच सूर्यास्तानंतरचा. चौविहार करणाऱ्या वृद्ध श्राविकेला दुपारपासून जुलाब होत असतात, दिवेलागण होते आणि ती ओठ मिटून घेते. नवकारशीपर्यंत सुमारे बारा तास. एवढ्या वेळात वृद्ध देह कोरडा पडू शकतो, मूत्रपिंडे धोक्यात येऊ शकतात. घरची माणसे आग्रह करायला कचरतात, कारण व्रतभंगाचे पाप आपल्या माथी नको. परंतु पच्चक्खाणाच्या सूत्रातच आगार, म्हणजे सवलती, सांगितल्या आहेत. त्यांतील ‘सव्वसमाहिवत्तियागार’ हा तीव्र व्याधीने समाधी ढळू लागली असता औषध घेण्यासाठीच आहे. ओआरएस हे अशा वेळी पेय नसून औषध आहे. सूत्रकारांना ठाऊक असलेली ही गोष्ट सुनेला संकोचाने सांगावी लागते, याचे वाईट वाटते. शंका असल्यास चातुर्मासार्थ विराजमान साधु-साध्वींना दिवसाउजेडीच विचारून ठेवावे. आजार उद्भवल्यावर रात्री विचारायला कोणी जात नाही.

सहा-आठ तास लघवी न होणे, डोळे खोल जाणे, शौचात रक्त, ग्लानी, किंवा मुलाने पाणीही न घेणे, यांपैकी काहीही दिसले तर घरी थांबू नये. मूत्रपिंडाचा वा हृदयाचा आजार असलेल्यांनी मिठाच्या पाण्याचे प्रमाण आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे आणि ते कागदावर लिहून पाण्याच्या माठाशेजारी लावून ठेवावे.