पिकते तेच विकते!

जून उजाडला की शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागतात आणि फुटबॉलवेड्यांचे मोबाईलकडे! युरोपातील क्लबांची खेळाडू खरेदी-विक्रीची उन्हाळी मुदत याच दिवसांत असते. ती सप्टेंबरच्या तोंडावर संपते. तेवढ्या काळात आमच्या वसतिगृहात जो तो व्यापारी होतो. कोणाला घ्यावे, कोणाला काढावे, किती कोटी मोजावेत, यावर मध्यरात्र उलटेपर्यंत खल चालतो. ज्याचे मेसचे बिल थकले आहे तोही दहा कोटी पौंडांच्या खेळाडूला 'स्वस्त मिळाला' म्हणून मोकळा होतो!

मीही त्यातलाच. मँचेस्टर युनायटेड हा माझा क्लब. परंतु या चर्चेत एक गोष्ट मला नेहमी खटकते. आपण कोण आला एवढेच पाहतो. कोण गेला हे पाहत नाही. माझे स्पष्ट मत असे की, क्लबचा उन्हाळा कसा गेला हे ठरविताना नव्याने आणलेल्यांआधी घरच्या कोणाला बाहेर काढले हे पाहिले पाहिजे.

स्कॉट मॅकटॉमिनेचेच उदाहरण घ्या. हा अगदी लहानपणापासून युनायटेडमध्ये वाढलेला खेळाडू. ऑगस्ट २०२४ मध्ये क्लबने त्याला सुमारे अडीच कोटी पौंडांना इटलीतील नापोलीला विकले. आमच्याकडे त्या दिवशी कोणी हळहळले नाही. 'बरे झाले, पैसे आले' असाच सूर होता. पुढे काय झाले? २०२४-२५ च्या हंगामात त्याने इटालियन लीगमध्ये १२ गोल केले. २३ मे २०२५ रोजी काल्यारीविरुद्धच्या निर्णायक सामन्यात पहिला गोल त्याचाच. नापोली इटलीचे विजेते ठरले आणि लीगमधील हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून मॅकटॉमिनेचीच निवड झाली. आणि युनायटेड? वीस संघांत पंधरावे!

मग असा मुलगा विकला का? याचे उत्तर मैदानात नाही, हिशेबाच्या वहीत आहे. क्लबने पाच कोटींना खेळाडू घेऊन त्याच्याशी पाच वर्षांचा करार केला, तर दरवर्षी एक कोटी खर्ची पडतो. तो मध्येच विकला तर उरलेली किंमत वजा करूनच नफा धरावा लागतो. परंतु घरी वाढलेल्या मुलाची खरेदी किंमतच नसते. त्यामुळे त्याला विकून येतील ते जवळजवळ सगळे पैसे नफा म्हणून दाखविता येतात. त्यातच इंग्लंडमध्ये २०२४ साली लागू असलेल्या नियमानुसार क्लबाला तीन वर्षांत १० कोटी ५० लाख पौंडांहून अधिक तोटा दाखविण्याची मुभा नव्हती. तोटा भरून काढण्याचा सोपा मार्ग कोणता, हे सांगायला वाणिज्य शाखेचा विद्यार्थी कशाला हवा!

आमच्या गावाकडे हा हिशेब सर्वांना ठाऊक आहे. बाजारातून आणलेल्या गाईची किंमत घरात प्रत्येकाला पाठ असते. पण गोठ्यात जन्मलेली कालवड विकली की आलेला सगळा पैसा नफाच वाटतो. कारण तिला घातलेल्या चाऱ्याचा आणि उपसलेल्या शेणाचा हिशेब कोणी लिहून ठेवलेला नसतो. आपल्याकडे 'पिकते तेथे विकत नाही' अशी म्हण आहे. या क्लबांनी ती उलटी केली. जे घरी पिकते तेच ते आधी विकतात!

चेल्सीने सहाव्या वर्षापासून वाढविलेला मेसन माउंट २०२३ च्या उन्हाळ्यात विकला. घेतला कोणी? आमच्याच युनायटेडने, साडेपाच कोटी पौंडांना. म्हणजे त्यांनी त्यांचे पोर विकले, ते आम्ही घेतले आणि पुढच्या वर्षी आमचे विकले! पॉल पोग्बाची कथा तर याहून मासलेवाईक. २०१२ मध्ये कोवळ्या वयात तो युनायटेड सोडून युव्हेंटसला गेला, तोही जवळजवळ फुकट. २०१६ मध्ये त्यालाच परत आणायला ८ कोटी ९० लाख पौंड मोजले. २०२२ मध्ये करार संपताच तो पुन्हा युव्हेंटसला गेला, पुन्हा फुकट.

बाहेरचा खेळाडू घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. २०१५ च्या उन्हाळ्यात लेस्टरने फ्रान्समधील काँ या क्लबकडून एन्गोलो कान्टेला सुमारे ५६ लाख पौंडांना आणले आणि २०१६ मध्ये ते इंग्लंडचे विजेते झाले. संघाला काय कमी आहे हे ओळखून केलेली खरेदी अशी असते. उलट बार्सिलोना पाहा. २०१७ मध्ये नेमारचे २२ कोटी २० लाख युरो हाती आले आणि त्यांनी देम्बेले व कुटिन्यो यांच्यावर ते उधळले. याच कुटिन्योने २०२० मध्ये बायर्नकडे उसना गेलेला असताना बार्सिलोनाविरुद्ध दोन गोल मारले! तो सामना बायर्नने ८-२ असा जिंकला. पुढे पैसा आटला, तेव्हा बार्सिलोनाला सावरले ते सातव्या वर्षापासून तेथेच वाढलेल्या लामिन यमालने आणि त्याच्यासारख्या घरच्या पोरांनी.

माझे मित्र म्हणतात, 'अरे, मॅकटॉमिने इथे राहिला असता तर बाकावरच बसला असता. प्रशिक्षक कोन्ते यांनी त्याला योग्य जागा दिली म्हणून तो चमकला.' अगदी खरे! पण याचा अर्थ काय? गुण त्याच्यात होतेच, घरच्यांना ते दिसले नाहीत. परक्याला दिसले.

कोल्हापूरच्या वाचकांना हा प्रश्न परका वाटू नये. हंगामाआधी कोणता खेळाडू कोणत्या तालमीकडे गेला याची चर्चा पेठापेठांत रंगते. आता परदेशी खेळाडूही शाहू स्टेडियमवर दिसतात. त्यांचे स्वागतच आहे. त्यांच्यामुळे खेळ सुधारतो. परंतु पेठेतल्या पोराला त्यांच्या बरोबरीने मैदानावर उतरविले, तरच ती सुधारणा आपली.

एवढा त्रागा का, असे कोणी विचारील. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. माझ्या चाऱ्याचा हिशेबही आईने कोठे लिहून ठेवलेला नाही. म्हणून ज्याच्यावर किमतीची चिठ्ठी नाही तो बिनमोलाचा, हा न्याय मला मान्य नाही. मग तो ओल्ड ट्रॅफर्डवर असो की आपल्या वक्तृत्व स्पर्धेच्या निवडीत!

तेव्हा मित्रहो, पुढच्या उन्हाळ्यात खेळाडूंची यादी कराल तेव्हा वहीत दोन रकाने आखा. एकात आलेल्यांची नावे लिहा, दुसऱ्यात गेलेल्यांची. गेलेल्यांपुढे एवढेच लिहा की, हा किती वर्षे आपल्याकडे होता आणि त्यांतले किती सामने आपण त्याला दिले. मग खुशाल मध्यरात्रीपर्यंत वाद घाला. मीही येईन.

(द्वितीय वर्ष, कला)