बीपी-शुगरचे मृत्यू: देशाचे आकडे काय सांगतात आणि तुम्ही त्यातून काय घ्यायचं?

"डॉक्टर, बीपी आता नॉर्मल आहे ना, मग गोळी बंद करू का?" आर्णीच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न जवळजवळ रोज येतो. उत्तर देतो, पण आधी एका अभ्यासाबद्दल सांगतो, कारण तो याच गोळीशी जोडलेला आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १८५ देशांचा अभ्यास आला. प्रश्न साधा होता: हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, कर्करोग अशा असंसर्गजन्य आजारांनी वयाच्या ८० वर्षांआधी मृत्यू येण्याची शक्यता किती? २०१० ते २०१९ या काळात पाचपैकी जवळजवळ चार देशांत ही शक्यता कमी झाली. चीनमध्येही झाली. भारतात मात्र ती पुरुष आणि स्त्रिया दोघांमध्येही वाढली, आणि स्त्रियांमध्ये जास्त वाढली. सर्वात मोठा वाटा हृदयविकार आणि मधुमेहाचा.

इथे एक गल्लत नेहमी होते. देशातल्या एकूण मृत्यूंमध्ये या आजारांचा वाटा १९९० मध्ये ३७.९ टक्के होता, तो २०१६ मध्ये ६१.८ टक्के झाला. हा आकडा ऐकून घाबरायला होतं, पण त्यात एक चांगली गोष्टही दडली आहे. हगवण, न्यूमोनिया, बाळंतपणातले मृत्यू कमी झाले, माणसं जास्त जगू लागली, त्यामुळे उरलेल्या कारणांचा वाटा आपोआप वाढला. लॅन्सेटच्या अभ्यासाला मात्र ही सबब लागू होत नाही. 'माणसं म्हातारी झाली म्हणून' असं त्यात म्हणता येत नाही, कारण प्रत्येक वयातला धोका धरूनच ती शक्यता काढलेली आहे. म्हणून मला ती बातमी जास्त बोचली.

हे आकडे अंदाजाचे असतात, हेही खरं. २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं होतं. खेड्यात माणूस घरीच जातो. 'झोपेतच गेले', 'म्हातारपणानं गेले' एवढंच सांगितलं जातं. नोंदणीच्या वेळी किंवा आरोग्य कर्मचारी विचारायला आल्यास बीपी, शुगर, छातीतलं दुखणं, चालू असलेल्या गोळ्या हे सगळं नीट सांगा. जुनी चिठ्ठी फेकू नका.

बायकांचा धोका जास्त का वाढला, याचं एक उत्तर मला ओपीडीत दिसतं. नवऱ्याची तपासणी होते, बाईची राहून जाते. कापूस वेचणीच्या दिवसांत तर गोळ्या संपल्या तरी दवाखान्यात यायला सवड नसते. छातीत जड वाटणं, दम लागणं, घाम सुटणं, जबडा किंवा पाठ दुखणं याला 'पित्त झालं' म्हणून सोडा-लिंबूपाणी दिलं जातं. बायकांमध्ये हार्ट अटॅक पुष्कळदा असाच येतो. अशा वेळी मोटारसायकलवर मागे बसवून नेऊ नका. १०८ ला फोन करा आणि रुग्णाला चालू देऊ नका.

पुरुषांचं म्हणाल तर आपल्याकडचा खर्रा. "मी बिडी-सिगरेट ओढत नाही, फक्त खर्रा खातो," असं लोक मला निर्धास्तपणे सांगतात. खर्ऱ्यात तंबाखू असतोच, आणि त्यातलं निकोटिन बीपी व नाडीचे ठोके वाढवतं. तोंडाच्या कर्करोगाचं तर वेगळं सांगायला नको. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर काय मिळतं ते तुम्हालाही माहीत आहे.

२०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या मोठ्या सर्वेक्षणानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब. दोन्ही आजार बरीच वर्षं दुखत नाहीत, खुपत नाहीत. म्हणूनच वयाची तिशी ओलांडली की त्रास नसतानाही तपासायचं. आरोग्य उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात ही तपासणी सरकारी कार्यक्रमातून मोफत होते, नेहमीच्या गोळ्याही मिळतात. कधी एखादी गोळी शिल्लक नसते, तेव्हा चिडून परत जाण्याऐवजी 'त्याऐवजी कोणती घेऊ?' हे तिथेच विचारून घ्या.

आता पहिला प्रश्न. बीपी नॉर्मल आलं आहे ते गोळीमुळे. गोळी बंद केली की ते पुन्हा चढतं, आणि चढलेलं तुम्हाला कळत नाही. 'गोळीची सवय लागते' हे खरं नाही; आजार राहतो म्हणून गोळी राहते. वजन कमी झालं, मीठ कमी केलं, खर्रा सुटला, तर डोस कमी करता येतो, काहींची गोळी बंदही होते. पण ते मोजून, टप्प्याटप्प्यानं, डॉक्टरच्या देखरेखीखाली. पुढच्या वेळी येताना घरच्या बाईलाही सोबत आणा, दोघांचं बीपी एकाच वेळी बघून होईल.