गाडी भरवशाची की नाही, ते वॉरंटी संपल्यावर बोला

आज टोमॅटो-कांदा बाजूला ठेवतो. सप्टेंबर 2025 मध्ये 350 सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा जीएसटी 28 चा 18 टक्के झाला, तेव्हापासून आमच्या भागातली तरणी पोरं भेटली की एकच प्रश्न. "काका, ती उंच अ‍ॅडव्हेंचर गाडी घेऊ का? तुमची कशी चाललीय?" डेअरीवर विचारतात, मंचरच्या बाजारात विचारतात, परवा तर दशक्रियेच्या घाटावर एकाने विचारलं. प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगून भागत नाही, म्हणून लिहितो.

माझ्याकडे या वर्गातली गाडी सात पावसाळे आहे. वहीत 58 हजार किलोमीटरच्या वर नोंद आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. भांडण एका कंपनीशी नाही, सगळ्यांच्याच धंद्याच्या पद्धतीशी आहे. गाडी आपल्या वाटेला चांगली आहे, आणि तरी आज आहे त्या परिस्थितीत मी तिला भरवशाची म्हणणार नाही. कारणं खाली आहेत. पटली नाहीत तर खुशाल भांडा.

आधी "शेतकऱ्याला हा शौक कशाला, स्प्लेंडर घ्या" म्हणणाऱ्यांना उत्तर. स्प्लेंडरला मी नावं ठेवत नाही. 1994 पासून त्या गाडीने अर्धा महाराष्ट्र वाहिलाय. पण तिच्या पोटाखाली जागा 165 मिलिमीटर. एक्सपल्स 200 सारख्या गाडीच्या पोटाखाली 220, आणि पुढचं चाक 21 इंची. ही साडेपाच सेंटिमीटर म्हणजे काय, ते नारायणगाव-मंचरच्या डांबरी रस्त्यावर कळत नाही. डिंभ्याच्या वरच्या अंगाला, आहुप्याकडे जाताना जुलैत वाटेवर दगड वाहून येतात तेव्हा कळतं. उसाच्या फडातून निघालेल्या पाणंदीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडतात आणि मधला उंचवटा इंजिनाला घासतो तेव्हा कळतं. माझी भाताची खाचरं पश्चिमेला आणि बागायत मीना नदीच्या काठाला. दोन्हीकडे रोज जावं लागतं. लहान चाकाची गाडी खड्ड्यात पडते, मोठं चाक खड्ड्यावरून जातं. यात शौक कुठे आला? जाहिरातीतला पोरगा ज्या नाल्यातून एकदा गाडी घालून फोटो काढतो, त्याच्यापेक्षा वाईट ओढा आपण दुधाचे कॅन घेऊन दिवसातून दोनदा ओलांडतो.

आता दुसरी बाजू. ही गाडी टिकाऊ आहे, असं ठरवतं कोण? मोबाइलवर व्हिडिओ करणारे. पुण्या-मुंबईहून निघायचं, लडाखला जायचं, परत यायचं, पाच-सहा हजार किलोमीटर झाले की "लाँग टर्म रिव्ह्यू". अहो, पाच हजार किलोमीटर म्हणजे गाडीची हळद उतरलेली नसते! बऱ्याचदा गाडी कंपनीनेच दिलेली, नवी कोरी, आणि बिघडली तर फोनवर माणूस हजर. सात वर्षांनी त्याच गाडीच्या पुढच्या शॉकअपच्या ऑइल सीलचं काय झालं, हे त्यातला एकही सांगायला येत नाही. तोवर त्याने दुसऱ्या चार गाड्या चालवून सोडलेल्या असतात.

किलोमीटरचा हिशोबही आपल्याला लागू नाही. इथे जरा थांबून वाचा, कारण हे कोणी सांगत नाही. ट्रॅक्टरला तासाचं मीटर असतं. बऱ्याच ट्रॅक्टरच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की 250 तासांनी ऑइल बदला. मोटरसायकलला मात्र फक्त किलोमीटर. समजा ऑइल 3000 किलोमीटरला बदलायचंय. हायवेवर 50 च्या वेगाने ते 60 तासांत होतात. आपण पाणंदीने, पहिल्या-दुसऱ्या गिअरला, ओझं घेऊन सरासरी 12 च्या वेगाने जातो. तेच 3000 किलोमीटर व्हायला 250 तास लागतात. म्हणजे मीटर सारखं, पण इंजिन चौपटीपेक्षा जास्त वेळ चाललं, तेही वारा न लागता, तापून. हे दहावीचं गणित आहे, याला इंजिनिअर लागत नाही. तरी सर्व्हिसच्या पुस्तकात शेतीकामाचं वेगळं कोष्टक तुम्ही कधी पाहिलंय? धुळीच्या रस्त्याला एअर फिल्टर लवकर साफ करा, अशी एखादी ओळ असते, झालं. मी पुस्तक बाजूला ठेवून ऑइल 1800 ते 2000 लाच बदलतो. कांदा काढणीच्या दिवसांत एअर फिल्टर दर पंधरवड्याला काढून बघतो. इंजिन अजून उघडलेलं नाही, त्याचं कारण हे आहे. कंपनीची मेहेरबानी नाही.

इंजिन सोडून बाकीचं मात्र खाल्लंय. चेन-स्प्रॉकेटचे चार सेट झाले. चिखल आणि उसाचं पाचट चेनवर बसतं ते कानशीसारखं काम करतं, त्याला कोणतीच कंपनी काही करू शकत नाही. क्लच प्लेट दोनदा, बॅटरी दोनदा, पुढचं सील तीनदा. मागचे आरे ओझ्याने सैल होतात, ते वर्षाला ताणून घ्यावेच लागतात. अ‍ॅव्हरेज ओझ्यासकट 36-38. घरातली जुनी शंभर सीसीची गाडी अजून 60 च्या पुढे देते. पेट्रोल शंभरीपार आहे, हिशोब ज्याचा त्याने करावा. त्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल, आणि इथेनॉल आपल्याच उसाचं, म्हणून बोलताही येत नाही!

मग ओझ्याचं बोलू. 40 लिटरचे दोन कॅन भरले की नुसतं दूधच 82 किलोच्या वर. कॅनचं वजन वेगळं, माणूस वेगळा. युरियाची गोणी 45 किलोची. आपल्याकडे गाडी म्हणजे यातलं काहीतरी रोज. या गाड्यांचा शॉकअप लांब आणि मऊ असतो, उड्या मारायला केलेला. त्यावर मागे ओझं टाकलं की गाडीचं ढुंगण बसतं, पुढचं चाक हलकं होतं आणि हेडलाइट आंब्याच्या शेंड्याला लागतो. आमच्याकडे शेतीची लाइट बऱ्याचदा रात्रीची. मोटर चालू करायला रात्री एकला निघायचं, दोन्ही बाजूला ऊस, आणि जुन्नर-आंबेगावच्या उसात काय असतं ते मी लिहायला नको. अशा वेळी उजेड वाटेवर पाहिजे, आंब्यावर नको. मागचा शॉकअप घट्ट करायची सोय बहुतेक गाड्यांना असते. पण मला ती शोरूममध्ये कोणी दाखवली नाही, गावच्या मेस्त्रीने दाखवली. ओझं नेताना घट्ट करा, उतरवल्यावर एक-दोन घर सैल करा.

कॅनसाठी कॅरिअर वेल्डिंग केलं की शोरूमवाला म्हणतो वॉरंटी गेली. बरं, मग तुमचं मजबूत कॅरिअर द्या. तर त्यांचं कॅरिअर पाच-सात किलोच्या बॅगेचं! गाव-खेड्यात विकायचं, पण गाव-खेड्याचं ओझं धरायचं नाही, हा कुठला न्याय?

उंचीचंही खरं सांगायला हवं. सीट 823 मिलिमीटर म्हणजे आपल्या बांध्याच्या माणसाची टाच टेकत नाही. दोन बाजूला कॅन लटकवले की पाय टाकून बसणं म्हणजे कसरत. घरात ही गाडी मी आणि मुलगा, दोघेच चालवतो. मंडळी आणि सूनबाई स्कूटर आणि जुनी गाडी चालवतात. म्हणजे पैसे एका गाडीचे गेले, पण कामाला अर्ध्या घरालाच आली.

आता मूळ दुखणं. तिसऱ्या वर्षी टोमॅटोच्या तोडणीत, रात्री दीडच्या सुमाराला गाडी बंद पडली. सेल्फ लागतो, इंजिन उचलत नाही. दीड किलोमीटर ढकलत आणली. सकाळी मेस्त्रीने पाहिलं. हा मेस्त्री असा की कार्बोरेटरची गाडी डोळे मिटून खोलून साफ करून देईल. पण फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला स्कॅनर लागतो, तो त्याच्याकडे नाही, आणि कंपनी त्याला देत नाही. शोरूमला टेम्पोत घालून नेली. टाकीतला पेट्रोलचा पंप गेलेला. "पार्ट स्टॉकला नाही, ऑर्डर टाकतो." किती दिवस? 19 दिवस. तोडणीचे 19 दिवस. दूध शेजाऱ्याच्या गाडीवर मिनतवारी करून, क्रेट भाड्याच्या पिकअपने, आणि रात्री मोटरवर पायी. पार्टची किंमत मोठी नव्हती. त्या 19 दिवसांचा भाड्याचा खर्च पार्टच्या तिप्पट झाला, तो कुठल्याही "मेंटेनन्स कॉस्ट"मध्ये धरत नाहीत.

म्हणून मी म्हणतो, भरवसा नुसत्या लोखंडात नसतो. जुनी गाडी भरवशाची, कारण ती बिघडली तरी तासाभरात चालू होते. ओतूरला, आळेफाट्याला, घोडेगावला, कुठेही तिचा पार्ट दुकानात टांगलेला असतो. या नव्या गाडीचं 21 इंची ट्यूबसुद्धा मी दोन-दोन गावं हिंडून मिळवलंय. आता एक कायम घरात ठेवतो.

यावर शोरूमवाल्यांचं ठरलेलं उत्तर, "या गाड्या कमी खपतात, म्हणून पार्ट ठेवता येत नाहीत." कमी का खपतात? पार्ट मिळत नाही म्हणून लोक घेत नाहीत. लोक घेत नाहीत म्हणून पार्ट ठेवत नाहीत. विहिरीला पाणी नाही म्हणून मोटर बसवत नाही आणि मोटर नाही म्हणून पाणी काढत नाही, असला प्रकार. आणि कमी खपलेल्या गाडीचं पुढे काय होतं तेही पाहिलंय. हिरोचीच इम्पल्स 2011 साली आली होती, स्वस्तातली, उंच, मोठ्या चाकाची. काही वर्षांत बंद झाली. ज्यांनी हौसेने घेतली त्यांनी पुढे पार्टसाठी काय करायचं?

काही जण म्हणतात, बीएस-6 आलं, इलेक्ट्रॉनिक्स आलं, गावच्या मेस्त्रीचे दिवस संपले. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आहे, ते मान्य. धूर कमी झाला, चांगलंच झालं. पण म्हणून स्कॅनर फक्त शोरूमनेच बाळगायचा, असं त्या नियमात कुठे आहे? केंद्र सरकारने 24 डिसेंबर 2022 ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. त्यात शेती अवजारं धरली आणि वाहनंही धरली. गाडी कशी खोलायची, पार्ट कुठे मिळेल, ही माहिती कंपनीने उघड करावी, ही त्यामागची कल्पना. कल्पना चांगली, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. माझ्या मेस्त्रीच्या हातात त्यातलं अजून काही पडलेलं नाही. इथून तासा-दीड तासावर चाकणला बजाजच्या कारखान्यात केटीएमच्या अ‍ॅडव्हेंचर गाड्या तयार होऊन परदेशात जातात. साऱ्या जगाला गाड्या पुरवणाऱ्या जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी पार्ट ठेवता येत नाही, हे मला पटत नाही.

सरकारलाही एक विचारायचंय. दुधाच्या कॅनवर जीएसटी 5 टक्के, ट्रॅक्टरवर 5 टक्के. तो कॅन रोज वाहणाऱ्या गाडीवर आणि तिच्या पार्टवर 18. कॅन काय डोक्यावर न्यायचा?

तर पोरांनो, घ्यायची का? तुमचं शेत डांबरी रस्त्याला लागून असेल तर घेऊ नका, हप्ते फेडत बसाल. घरात एकच गाडी असणार असेल तरी घेऊ नका, कारण ती शोरूमला अडकली की घर अडकतं. रोज दोन कॅन वाहायचे असतील तर जुनीच बरी. डोंगराकडची वाट असेल, घरात दुसरी गाडी असेल, ओझं एखाद्या गोणीचं असेल, तर घ्या. रस्त्याला तिच्यासारखी दुसरी नाही. आमचे कृषी सहायक आणि गुरांचे डॉक्टर पश्चिम पट्ट्यात फिरतात, त्यांना तर मी घ्याच म्हणेन, बिना ओझ्याची ही गाडी दहा वर्षं सहज जाईल.

पण बुकिंगचे पैसे टेकवायच्या आधी शोरूममध्ये चार गोष्टी विचारा आणि त्या बिलाच्या मागे लिहून, सही-शिक्का घ्या. पेट्रोलचा पंप, क्लच प्लेट, शॉकअपचं सील आणि चेनसेट आज, आत्ता कपाटात आहे का, असेल तर काढून दाखवा. चालकासह किती किलो ओझं चालतं, तो आकडा. कॅरिअर लावलं तर वॉरंटीतलं नेमकं काय जातं, इंजिनाची जाते की फक्त मागच्या चासीची. आणि पार्टला आठ दिवसांपेक्षा जास्त लागले तर तोवर वापरायला दुसरी गाडी देणार का. मी हे चार प्रश्न तीन शोरूमला विचारून आलो. पहिल्यावर दोघं उठून आत गेले ते बराच वेळ आले नाहीत. चौथ्यावर तिघंही हसले.